खिंड बंद झाल्यावर

परवा सकाळी टेबलावर रजेचा एक अर्ज आला. अर्जदार कॅप्टन, वय सव्वीस, गाव सातारा जिल्ह्यातलं. दहा दिवसांची रजा, तारीख नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली आणि कारणाच्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलेलं: 'मोटरसायकलने चंडीगड – मनाली – लेह व परत.'

मी त्याला बोलावून घेतलं. म्हटलं, "बाळा, कॅलेंडर बघितलंस का?"

"बघितलं सर. डिसेंबरात माझी पोस्टिंग तेजपूरला आहे. पुन्हा इथून लेह कधी होणार? आणि आता बोगदा झालाय ना सर. रोहतांग चढायचाच नाही. रस्ता अजून बंद झाल्याचं जाहीरही झालेलं नाही."

मुद्दे बिनतोड होते. वय सव्वीस असताना माझेही असेच बिनतोड असायचे. सही न करता अर्ज ठेवून घेतला आणि म्हटलं, उद्या सांगतो. खरं तर 'नाही' हा शब्द त्याच क्षणी म्हणता आला असता. पण नुसतं 'नाही' ऐकून माणूस गप्प बसतो, त्याला पटत नाही. त्या रात्री मेसवरून परत आल्यावर जे डोक्यात आलं ते इथे लिहितोय. नेहमीप्रमाणे थोडा इतिहास, थोडं मोटरसायकलपुराण.

चंडीगडला ज्यांची पोस्टिंग झाली नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथे बर्फ पडत नाही. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वातीनशे मीटरवर आहे. नोव्हेंबरात सकाळी स्वेटर, दुपारी उघड्या डोक्याने उन्हात. खरी अडचण डिसेंबर-जानेवारीत येते ती धुक्याची. जी. टी. रोडवर पुढच्या ट्रकचा मागचा दिवा दहा पावलांवर दिसेनासा होतो. तरीही या शहरातल्या मोटरसायकलवाल्यांचं वर्ष बर्फच ठरवतो. मणिमाजऱ्याच्या गॅरेजवाल्यांना विचारा. मे-जूनमध्ये त्यांना बोलायला फुरसत नसते. लेहला निघालेल्या बुलेट, हिमालयन, त्यांना कॅरिअर लावा, ब्रेक बघा, क्लच प्लेट बदला. ऑक्टोबर उलटला की तेच लोक दारात शेंगदाणे सोलत बसलेले. तीनशे किलोमीटर उत्तरेला एक खिंड बंद होते आणि इथल्या पान्याला काम राहत नाही.

आपल्याकडे हे उलटं आहे, म्हणून मराठी माणसाला ते चटकन समजत नाही. आपला बंद हंगाम पावसाळा. मृग लागला की नद्या भरणार, वाटा निसरड्या होणार, म्हणून मराठ्यांच्या फौजा मोहीम आवरून पावसाळ्यापुरत्या छावणीला बसत. पावसाळा काढण्याचा मुक्काम हा 'छावणी'चा त्या काळातला एक रोजचा अर्थ होता. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की पुन्हा घोड्यावर मांड. आपल्या घोडेस्वाराचं वर्ष दसऱ्याला उघडायचं. हिमालयातल्या वाटसरूचं वर्ष दसऱ्याच्या सुमारास मिटतं. माझ्या कॅप्टनच्या रक्तात 'दसरा झाला, निघा' हे आहे. त्यात त्याची काय चूक?

पानिपत इथून मोटरसायकलवर दोन-अडीच तासांवर आहे. तिथे १७६० साली दोन्ही फौजांचं वेळापत्रक यमुनेच्या पुराने ठरवलं होतं. पाणी होतं तोवर अब्दाली पलीकडे आणि भाऊसाहेब अलीकडे. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ नदी पार केली आणि दख्खनच्या लोकांना उत्तरेतल्या उघड्या मैदानात नोव्हेंबर, डिसेंबर आणि अर्धा जानेवारी काढावा लागला. पानिपतची कारणं अनेक आहेत आणि मी ती थंडीवर ढकलणार नाही. पण उपाशी पोटाला थंडी दुप्पट लागते, हे मला पाठ्यपुस्तकापेक्षा नोकरीने जास्त शिकवलं.

युरोपातल्या लोकांनी तर हंगाम नंबरप्लेटवरच लिहून ठेवलाय. जर्मनीत १९९७ पासून हंगामी नंबरप्लेट मिळते. तिच्या कडेला महिन्यांचे आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ०४ आणि १०. एप्रिल ते ऑक्टोबर गाडी रस्त्यावर, कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. उरलेले महिने गाडी गॅरेजमध्ये, कारण रस्त्यावर बर्फ आणि बर्फावर टाकलेलं मीठ, जे गाडीचं लोखंड खातं. तिथेही हट्टी लोक आहेतच. १९५६ पासून ऐन हिवाळ्यात तंबू ठोकून भरणारा 'एलेफांटेनट्रेफेन' नावाचा मोटरसायकलवाल्यांचा मेळावा प्रसिद्ध आहे. पण त्या मेळाव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गावं आहेत, पेट्रोलपंप आहेत, दवाखाने आहेत. लाहौलमध्ये तांडीच्या पंपावर मात्र वर्षानुवर्षं पाटी होती, की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. हा फरक मी कॅप्टनला सांगायला हवा, असं मनात नोंदवलं.

आता यंत्राचं बघू. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. चंडीगड ते बारालाचा खिंड ही चढण सुमारे साडेचार हजार मीटरची. म्हणजे तीस अंशांचा फरक. इथे दुपारी पंचवीस असेल तर तिथे उणे पाच, आणि ते ऊन असताना. त्यात वारा. शून्य अंशाला ताशी पन्नासने गाडी चालवली तर उघड्या कातडीला उणे आठ असल्यासारखं लागतं. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीला तिथे पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडायची. ती खोकायची, काळा धूर सोडायची आणि मग जेट बदलत बसा. २०२० नंतरच्या गाड्यांत इंजेक्शन आलं आणि ही कटकट बरीचशी गेली. पण घट्ट झालेलं इंजिन ऑइल, थंडीने अर्धमेली झालेली बॅटरी आणि कडक झालेलं टायरचं रबर हे अजून आहेच. दुपारी बर्फ वितळून रस्त्यावरून पाणी वाहतं, संध्याकाळी त्याच पाण्याची काच होते. चार चाकांचा ट्रक त्या काचेवर घसरतो. दोन चाकांची मोटरसायकल आडवी होते.

पेट्रोल मात्र तिथल्या थंडीत गोठत नाही. ही चांगली गोष्ट वाटते. ती का चांगली नाही, ते पुढे येईल.

ही वाट हंगामाबाहेर चालण्याचे प्रयत्न मोटरसायकलच्या शोधाआधीपासून झाले आहेत. सगळ्यात मोठा धडा जनरल जोरावर सिंगांचा. जम्मूच्या राजा गुलाब सिंगांचा हा सेनापती. लडाख जिंकल्यानंतर १८४१ च्या उन्हाळ्यात तो पश्चिम तिबेटात शिरला आणि सप्टेंबरपर्यंत मानसरोवर ओलांडून तकलाकोटपर्यंत पोचला. घोडदौड अशी की आजही नकाशावर बोट फिरवताना दम लागतो. पण मागे राहिलेल्या खिंडी बर्फाने भरल्या, रसद तुटली आणि ऐन हिवाळ्यात, १२ डिसेंबर १८४१ ला, तो तोयोच्या लढाईत पडला. पुढे लडाखचा वृत्तांत लिहिणाऱ्या अलेक्झांडर कनिंगहॅमने नोंदवलंय की सैनिकांनी हात शेकण्यासाठी बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले. शस्त्र जाळून ऊब घेणारा सैनिक शत्रूच्या आधीच हरलेला असतो. जोरावर सिंगाच्या धाडसाला मी आजही सलाम करतो. पण त्याने परतीचं दार कधी मिटतं याचा हिशेब केला नाही, हेही खरं.

याच्या बरोबर उलटं उदाहरण शंभर वर्षांनंतरचं. फेब्रुवारी १९४८. लेहवर हल्ला येणार हे दिसत होतं, तिथे सैन्य नावापुरतं होतं आणि जोजीला बर्फाखाली. हवाईपट्टी नाही. तेव्हा दुसऱ्या डोग्रा पलटणीतले मेजर पृथी चंद पुढे झाले. ते लाहौलचे. त्यांच्याबरोबर त्यांचे नातेवाईक कॅप्टन खुशाल चंद आणि चाळीसेक स्वयंसेवक, बहुतेक लाहौली. म्हणजे बर्फातच जन्मलेले. भर हिवाळ्यात ते पायी जोजीला ओलांडून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लेहला पोचले. लडाखचे अभियंता सोनम नोर्बू यांनी तिथे हवाईपट्टी तयार केली आणि २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना घेऊन डाकोटा विमान लेहला उतरवलं. लेह वाचलं. पृथी चंद आणि खुशाल चंद या दोघांनाही महावीर चक्र मिळालं.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला जोजीलावर सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे चढले. मद्रास सॅपर्सनी बालटालहून वर खेचरांच्या वाटेचा रणगाड्यांचा रस्ता केला होता. बर्फ सुरू झालेला, समोरच्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं की इथे रणगाडा येईल. महिनाअखेरीपर्यंत द्रास-कारगिल मोकळं झालं. हेही हंगामाबाहेरचंच काम.

जोरावर सिंग आणि पृथी चंद यांच्या धैर्यात मला डावं-उजवं करता येत नाही. फरक दोन ठिकाणी आहे. एक, पृथी चंदांना बर्फ घरच्यासारखा माहीत होता. दोन, न जाण्याची किंमत जाण्याच्या किमतीपेक्षा मोठी होती. ते गेले नसते तर लेह गेलं असतं. हंगाम मोडायला एवढं मोठं कारण लागतं.

आणि कारण असलं तरी किंमत चुकत नाही. चंडीगडच्या हवाई तळावर पहाटे रांगेत उभे असलेले जवान तुम्ही पाहिलेत तर कळेल. रस्ता बंद असताना लडाखला जायचा आमचा मार्ग हाच. पाठीवर सामान, हातात ट्रान्झिट कॅम्पची चिठ्ठी, आणि लेहचं हवामान उघडेल का ही चर्चा. ७ फेब्रुवारी १९६८ ला इथूनच एक एएन-१२ विमान १०२ जणांना घेऊन लेहला निघालं. लेहचं हवामान बिघडलं म्हणून ते वाटेतून परत फिरलं आणि रोहतांगच्या आसपास नाहीसं झालं. पस्तीस वर्षांनी, २००३ मध्ये, लाहौलमधल्या हिमनदीवर गिर्यारोहकांना त्याचे अवशेष सापडले. २०२४ च्या सप्टेंबरात आणखी चार जवानांचे देह बर्फाने परत दिले. छप्पन्न वर्षांनी घरी परतलेले ते चौघे हौसेने गेले नव्हते. ड्यूटीवर निघाले होते.

म्हणून हिवाळ्यातल्या रस्त्यासाठी एवढी धडपड. सीमा सडक संघटना ७ मे १९६० ला उभी राहिली. मनाली–लेह रस्ता सर्वसामान्य प्रवाशांना खुला झाला तो १९८९ मध्ये. आपण ज्याला 'लेह राईड' म्हणतो तिचं वय फार नाही, माझ्यापेक्षाही लहान. बुलेटचं वय मात्र मोठं. सीमेवरच्या गस्तीसाठी सरकारने पन्नासच्या दशकात ती गाडी निवडली, १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया उभी राहिली आणि सुटे भाग जोडण्यापासून सुरुवात करून पुढे पूर्ण गाडी तिथेच बनू लागली. म्हणजे गाडी डोंगरासाठी आली, रस्ता तिच्यानंतर. आज तरुण मुलं दोघांना एकच समजतात.

हा रस्ता दर वसंतात नव्याने खणून काढावा लागतो, हे वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिलं असेल. मनालीच्या बाजूने एक चमू, लेहच्या बाजूने दुसरा. रस्ता कुठे आहे हेच दिसत नाही, डोझर चालवणारा अंदाजाने आणि अनुभवाने पुढे सरकतो. दोन्ही बाजूंना वीस-तीस फुटांच्या बर्फाच्या भिंती. वरून हिमकडा कधी सुटेल याचा अंदाज बांधणारी डीआरडीओची संस्था इथेच चंडीगडला आहे. ती १९६९ साली मनालीला सुरू झाली आणि आता तिचं नाव बदललं आहे. २०२३ मध्ये हा रस्ता १३८ दिवसांनंतर २५ मार्चला खुला झाला, तो विक्रम ठरला. जोजीला २०२२ मध्ये ७३ दिवस, २०२३ मध्ये ६८ दिवस आणि २०२५ मध्ये फक्त ३२ दिवस बंद राहिला. पूर्वी हेच महिन्यांत मोजायचे. बर्फ कमी झाला हे थोडं खरं, माणसांनी जास्त खणला हे जास्त खरं.

अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. ९.०२ किलोमीटर लांब, दहा हजार फुटांवर, आणि मनाली–केलाँग अंतर ४६ किलोमीटरने कमी. तो कोणासाठी बांधला? फौजेसाठी, हो. पण तितकाच लाहौलच्या लोकांसाठी. रोहतांग बंद झाला की त्या खोऱ्यातल्या आजारी माणसाला हेलिकॉप्टरची वाट बघावी लागे. तातडीचं काम असलेले लोक बर्फातून पायी खिंड ओलांडत, म्हणून मढी आणि कोकसरला दर हिवाळ्यात बचाव चौक्या बसत. बोगद्याने ही वाट बघणं संपवलं. पण बोगदा रोहतांगखालून जातो, बारालाचाखालून नाही. आज नोव्हेंबरात टी-शर्टवर चंडीगडहून निघालेला मुलगा संध्याकाळी केलाँगला असतो. पूर्वी रोहतांगच त्याला हात धरून थांबवायचा: तेरा हजार फुटांवर पहिली थंडी वाजायची, बोटं बधिर व्हायची आणि शहाणा असेल तो परत फिरायचा. आता तो इशारा बोगद्याने वगळला. पहिला धक्का थेट सोळा हजार फुटांवर, आणि तोही जिथून खाली यायला वस्ती नाही अशा ठिकाणी. म्हणूनच हिवाळ्यात दारचाला पोलीस गाड्या अडवतात. अडवतात तेव्हा मुलं त्यांच्याशी हुज्जत घालतात.

मी हे ठामपणे सांगतो, कारण मी स्वतः ती हुज्जत घातली आहे. आजवर इथे हे लिहिलं नव्हतं. माझ्या कोर्समेटला काल फोन करून विचारलं, लिहू का? तो म्हणाला, "लिही. फक्त माझं नाव टाकू नकोस, आणि चूक माझीच होती असंही लिहू नकोस." नाव टाकत नाही. चूक दोघांची होती, जास्त माझी.

ऑक्टोबर २००७ चा शेवटचा आठवडा. माझं युनिट अंबाल्याजवळ, तो जवळच्याच दुसऱ्या युनिटमध्ये. दोघेही कॅप्टन. एनडीएपासून एकाच स्क्वाड्रनचे, दोघांकडे जुन्या साडेतीनशेच्या बुलेट. सात दिवसांची रजा जुळली ती तेव्हाच. बोगदा नव्हता, रोहतांग स्वच्छ ऊन पाहून ओलांडला आणि वाटलं, लोक उगाच घाबरवतात. केलाँगला एका म्हाताऱ्या दुकानदाराने बटाट्याचं पोतं शिवता शिवता विचारलं, "उपर कोई काम है?" आम्ही हसलो. दारचाला अडवलं तेव्हा ओळखपत्र दाखवलं. फौजी म्हणून सोडलं. त्या ओळखपत्राचा तो वापर मला आजही लाज आणतो.

झिंगझिंगबारच्या पुढे बारालाचाच्या चढावर दुपारी दोनला ढग उतरले. अर्ध्या तासात रस्ता पांढरा. त्याची गाडी खोकत बंद पडली. किक मारून मारून पाय दुखले. तो म्हणाला, जेट बदलतो, पाच मिनिटांचं काम. ओले झालेले हातमोजे काढले आणि उघड्या हाताने कार्बुरेटरची खालची वाटी उघडली. आतलं पेट्रोल त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवर सांडलं. ते गोठलेलं नव्हतं, पण शून्याच्या बरंच खाली होतं. शिवाय उडून जाताना ते आणखी थंड होतं. त्याने हात झटकला, पुसला, पुन्हा काम सुरू केलं. दहा मिनिटांनी म्हणाला, "दुखायचं थांबलं." मला बरं वाटलं. दुखायचं थांबणं हे वाईट लक्षण आहे, हे प्रशिक्षणात शिकलो होतो, आठवलं नाही.

गाडी सुरू झाली नाही. माझी आडवी झाली. अंधार पडायच्या सुमारास खालून एक टिपर येताना दिसला. सीमा सडकवाल्यांचा. आमच्यामागे दारचाहून कोणीतरी वायरलेसवर कळवलं होतं की दोन जण वर गेलेत आणि ढग उतरलेत. टिपरमध्ये चालक आणि तीन मजूर. तिघेही झारखंडमधल्या दुमक्याचे. त्यांचा कॅम्प उठत होता, दोन दिवसांत ते घरी निघणार होते. त्यांनी आम्हाला उचललं, गाड्या तिथेच सोडल्या आणि कॅम्पवर बुखारीजवळच्या आपल्या जागा दिल्या. मी मित्राचे हात बुखारीच्या पत्र्याजवळ धरले आणि चोळले. दोन्ही चूक. गोठलेलं बोट चोळायचं नसतं, आगीजवळ न्यायचं नसतं. कोमट पाण्यात हळूहळू, आणि पुन्हा गोठणार नसेल तेव्हाच.

त्या मजुरांपैकी एकाने, तो आमच्याच वयाचा असेल, चहा देताना विचारलं, "साब, ऊपर कोई ऑर्डर था?" मी म्हणालो, नाही. घूमने आए थे. तो काही बोलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याला फक्त समजलं नव्हतं. तो तिथे पोटासाठी आला होता आणि बर्फाआधी निघून जायची वाट बघत होता. आम्ही तिथे रजा घेऊन, पैसे खर्च करून, बर्फ पडायच्या वेळी गेलो होतो. आणि आमच्यासाठी तो अंधारात, त्याच बर्फात वर आला होता.

दुसऱ्या दिवशी केलाँगला आणलं. डॉक्टरांनी बोटं बघितली आणि लगेच खाली न्यायला सांगितलं. रोहतांग रात्रीच्या बर्फाने बंद. दोन दिवस आम्ही केलाँगला खिंड उघडायची वाट बघत बसलो. लाहौलचे लोक प्रत्येक हिवाळ्यात काय सोसत होते ते तेव्हा कळलं. काही आठवड्यांनंतर सैनिकी रुग्णालयात त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं काढावी लागली. तो अजून गाडी चालवतो. क्लच उरलेल्या बोटांनी दाबतो आणि कोणी विचारलं तर सांगतो, दाराच्या फटीत सापडली.

एवढं सगळं मी कॅप्टनला दुसऱ्या दिवशी सांगितलं. जोरावर सिंग, पृथी चंद, दुमक्याचा मजूर, सगळं. तो नीट ऐकत होता. मग म्हणाला, "सर, पण आता गाडी इंजेक्शनची आहे, जेट बदलायचंच नाही. हीटेड ग्रिप्स आहेत, सॅटेलाइट फोन भाड्याने मिळतो का बघतोय."

मी म्हटलं, "तयारी चांगली आहे. एकच सांग, वर काही काम आहे का?"

तो बराच वेळ गप्प होता. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "नाही सर."

"मग तुला काही झालं तर तुला आणायला जो वर जाईल, त्याला मात्र काम असेल. हंगाम म्हणजे एवढंच. जूनमध्ये तू पडलास तर मागून येणारा उचलतो. नोव्हेंबरात तुला उचलायला कोणाला तरी घराबाहेर काढावं लागतं."

त्याची रजा मी नाकारली नाही. ठिकाण बदलून अर्ज नव्याने लिहायला सांगितला. म्हटलं, तुझ्या गावाकडे आत्ताच हंगाम सुरू झालाय, आणि तू तो सोडून मिटणाऱ्या हंगामाच्या मागे लागलायस. गाडी माझ्या गॅरेजमध्ये ठेव. तेजपूरहून जूनमध्ये रजा काढ, चंडीगडला ये, इथूनच निघ. त्याला ते फारसं आवडलं नाही, चेहऱ्यावर दिसत होतं. पण "यस सर" म्हणाला आणि संध्याकाळी गाडी घेऊन आला. आम्ही दोघांनी मिळून ती हिवाळ्यासाठी आवरली. टाकी गळ्यापर्यंत भरली, म्हणजे आत ओल धरून गंज चढत नाही. बॅटरी काढून घरात ठेवली. साखळीला तेल, टायरमध्ये थोडी जास्त हवा, गाडी मधल्या स्टँडवर, वर जुनी चादर. छावणीच म्हणायची.

आज सकाळी त्याचा फोटो आला. आंबेनळी घाटात त्याच्या वडिलांची जुनी हंड्रेड सीसी उभी, मागे प्रतापगड, गवत पिवळं पडू लागलेलं, आणि मागच्या सीटवर मफलर गुंडाळलेले वडील. खाली लिहिलंय: 'सर, पप्पा म्हणतात जूनमध्ये तेपण येणार.'

आता जूनमध्ये त्या दोघांना कोणत्या गाडीवर न्यायचं हा प्रश्न आहे. विचार करायला सहा महिने आहेत. तोवर बॅटरी दर पंधरा दिवसांनी चार्ज करायची आठवण मी कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.